तुमचं हँडल भाड्याचं की मालकीचं?

धंद्याचं नाव ठरलं की आपण आधी काय करतो? इन्स्टाग्रामवर ते शिल्लक आहे का बघतो. नसतंच! मग मागे अंडरस्कोर लाव, 'ऑफिशियल' चिकटव. आणि समजा मिळालं, तरी ते भाड्याचंच. २०२३ मध्ये ट्विटरचं 'एक्स' झालं, तेव्हा @एक्स हे हँडल एका फोटोग्राफरकडे २००७ पासून होतं. कंपनीने काढून घेतलं. पैसे? एक छदाम नाही.

आता मास्टोडॉनसारखी नेटवर्क आहेत, ज्यांचा एकच मालक नसतो. तिथे नाव ईमेलसारखं असतं: आधी तुमचं नाव, मग सर्व्हरचं. म्हणजे 'अमुकमसाले' हे नाव एका सर्व्हरवर तुमचं आणि दुसऱ्यावर भलत्याचंच असू शकतं. गिऱ्हाइकाने खरं कुठलं ओळखायचं? शिवाय सर्व्हर बंद पडला की पत्ताही गेला. २०२४ मध्ये 'क्विअर.एएफ' या सर्व्हरचं तसंच झालं. 'एएफ' हे अफगाणिस्तानचं डोमेन. तिथल्या तालिबान सरकारने ते थांबवलं.

ब्लूस्कायवर मात्र मला आवडलेली एक सोय आहे. तिथे तुमचं स्वतःचं डोमेन हेच हँडल करता येतं. सेटिंगमध्ये ती एक ओळ देतात. डोमेन घेतलंय तिथे जाऊन डीएनएसमध्ये 'टीएक्सटी' रेकॉर्ड म्हणून टाकायची. बस्स! फॉलोअर, जुन्या पोस्ट जागेवरच राहतात, कारण हँडलच्या मागे एक कायमचा ओळख क्रमांक असतो. लग्नानंतर नाव बदललं तरी पॅन नंबर तोच राहतो ना, तसं. आणि 'अमुकमसाले.इन' हे डोमेन जगात एकच असतं, त्यामुळे नकली खातं पटकन ओळखू येतं. मास्टोडॉनवरही वेबसाइटवर एक खास लिंक टाकली की प्रोफाइलमध्ये तुमचा वेबपत्ता हिरवा होतो.

पण खरी गोम पुढेच आहे. आपल्याकडे वेबसाइट करून देणारा मुलगा बऱ्याचदा डोमेन स्वतःच्याच ईमेलवर घेतो. उद्या त्याच्याशी बिनसलं, किंवा तो रिन्यू करायला विसरला, तर ते नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो. मग तुमच्या नावाने तोच बोलणार, आणि खरे तुम्ही हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागणार! तेव्हा हँडलचं नंतर बघू. आज आधी त्या मुलाला फोन लावा आणि डोमेनचं लॉगिन कोणाच्या ईमेलवर आहे ते विचारा.