टिंब कळते, त्याला अ‍ॅपॉस्ट्रॉफीही कळते

रजेच्या अर्जात आपण ‘दोन दिवसांची रजा’ असे लिहितो. एकच दिवस हवा असेल तर ‘एका दिवसाची रजा’. पहिल्यात ‘सा’वर टिंब, दुसऱ्यात नाही. मराठी मुलाला हा फरक शिकवावा लागत नाही, तो बोलतानाच दोन्ही शब्द वेगळे उच्चारतो. तोच मुलगा इंग्रजी अर्ज लिहायला बसला की ‘टू डेज लीव्ह’मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची, या प्रश्नाशी अडतो. मुलुंड पूर्वेला मराठी माध्यमाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवले, निवृत्तीनंतर घरी शिकवण्या घेते, आणि माझे ठाम मत झाले आहे की या मुलांना नियमांची यादी देऊ नये. त्यांच्याजवळचे टिंब इंग्रजीत कुठे जाऊन बसते तेवढे दाखवावे. ‘दिवसांची’वर टिंब आहे, म्हणजे ‘डेज’ पूर्ण लिहून त्याच्या एसनंतर चिन्ह: टू डेज’ लीव्ह. ‘पाच वर्षांचा अनुभव’ तसाच: फाइव्ह इयर्स’ एक्सपीरियन्स. रजेच्या आणि नोकरीच्या अर्जांत हे दोन शब्दप्रयोग हमखास येतात, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते.

खरी अडचण कानाची आहे. बॉयज म्हणजे अनेक मुले, बॉय’ज म्हणजे एका मुलाचे आणि बॉयज’ म्हणजे अनेक मुलांचे. मोठ्याने वाचून बघा, तिन्हींचा उच्चार एकच. मराठीत ‘मुलाचा डबा’ आणि ‘मुलांचा डबा’ डोळे मिटूनही वेगळे कळतात. इंग्रजीने ते सगळे काम कागदावरच्या एका चिन्हावर सोपवले आहे. ते सरकले की अर्थ सरकतो, आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

चिन्हाची जागा ठरवायला मी मुलांना ‘कोणाचे?’ असे विचारायला लावते. उत्तरात येईल तो शब्द आधी पूर्ण लिहायचा, चिन्ह नंतर. शिक्षकांची खोली कोणाची? टीचर्सची. शब्द एसवर संपला, तर फक्त चिन्ह: टीचर्स’ रूम. बॅग एकाच शिक्षिकेची असेल तर शब्द ‘टीचर’, पुढे चिन्ह आणि एस: टीचर’स बॅग. अनेकवचन असूनही शब्द एसवर संपत नसेल, तर चिन्ह देऊन एस जोडावा लागतो. मेन, विमेन, चिल्ड्रन, पीपल हे असे शब्द. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या विद्यापीठाचे आजचे नाव एसएनडीटी विमेन’स युनिव्हर्सिटी. त्याचा जुहूचा परिसर अंधेरीच्या मुलींना जवळचा, त्यामुळे हे उदाहरण त्यांना लगेच पटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापलेल्या आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज उघडणाऱ्या संस्थेचे नाव पीपल’स एज्युकेशन सोसायटी. घाटकोपरहून माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचे आजोबा सिद्धार्थमध्ये शिकले. संस्थेचे नाव त्याला चिन्हासकट पाठ आहे, आणि ‘पीपल’स’ लिहिताना त्याचा हात कधी अडखळत नाही.

वस्तू किती आहेत ते मात्र मोजायचे नाही. गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. शाळा एक पण मुले अनेक, म्हणून बॉयज’ स्कूल. पुस्तके दहा पण मुलगा एक, म्हणून बॉय’ज बुक्स. मोजायची ती मालकी असलेली माणसे.

ही गोष्ट परीक्षेतल्या अर्ध्या गुणापुरती आहे असे मला वाटत नाही. आमच्या मुलुंडमध्ये, घाटकोपरमध्ये जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची पत्रे रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी येतात, आणि ती बहुधा इंग्रजीत असतात. ‘द मेंबर’स कन्सेंट’ म्हणजे एका सभासदाची संमती. ‘द मेंबर्स’ कन्सेंट’ म्हणजे सभासदांची. सेक्रेटरींनी सभेत वाचून दाखवले तर दोन्ही सारखेच ऐकू येणार. ज्याचे घर त्या कागदावर अवलंबून आहे, त्याने कागद हातात घेऊन ते चिन्ह डोळ्यांनी बघावे, असे मी शेजारच्या वहिनींना नेहमी सांगते.

मराठी मुलांच्या हातून होणारी एक चूक आपल्या भाषेच्या चांगल्या वळणातूनच येते. ‘सरांची गाडी’, ‘आजोबांची काठी’, ‘बाईंची वही’ यांत सर एकच, आजोबा एकच, बाईही एकच. पण आदर म्हणून आपण अनेकवचन वापरतो आणि टिंब येते. मूल ते टिंब इमानाने इंग्रजीत नेते आणि एकाच सरांसाठी ‘सर्स’ कार’ लिहिते. इंग्रजीत आदरासाठी नामाचे वचन बदलत नाही. तिथे सर’स कार, ग्रँडफादर’स स्टिक. म्हणून टिंबाचा आधार घेताना माणूस एक की अनेक हे आधी पाहावे लागते. हे एकदा समजावले की मुले सुधारतात, पण समजावणारे थोडे. वहीवर नुसती लाल फुली मिळते आणि चूक का झाली ते मुलाला कळतच नाही.

आपल्या जुन्या कामगार कायद्यांच्या नावांत मालकीची तिन्ही रूपे सापडतात. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आधी ‘वर्कमेन’स कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट’ होता. ‘मेन’ हे अनेकवचन, म्हणून चिन्ह आणि एस. १९४८ चा कामगार विम्याचा कायदा ‘एम्प्लॉईज’ स्टेट इन्शुरन्स अ‍ॅक्ट’. १९५२ चा भविष्य निर्वाह निधीचा कायदाही ‘एम्प्लॉईज’’ शब्दानेच सुरू होणारा. दोन्हींत चिन्ह एसनंतर, म्हणजे कर्मचारी अनेक. मुलुंडच्या किंवा अंधेरीच्या ईएसआय हॉस्पिटलच्या रांगेत पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्या कामगारांचा कायदा होता तो १९४८ चाच. २००९ च्या दुरुस्तीने १९२३ च्या कायद्याचे नाव बदलले, ‘वर्कमेन’ गेले आणि ‘एम्प्लॉई’ज’ आले. इथे चिन्ह एसच्या आधी आहे, म्हणजे कर्मचारी एक! मसुदा करणाऱ्यांच्या मनात काय होते ते बाजूला ठेवते, पण मला त्यात अर्थ दिसतो. विमा आणि निधी सगळ्यांच्या वर्गणीतून उभे राहतात. अपघातात हात जातो तो एका माणसाचा.

गाड्यांच्या नावांबद्दल आणि दुकानांच्या पाट्यांबद्दल मला विचारतात. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट आणि बोरिवलीच्या दरम्यान फक्त बायकांसाठी लोकल सुरू झाली. तिला सगळे लेडीज स्पेशल म्हणतात आणि लिहिताना चिन्ह सहसा देत नाहीत. ते मला चालते. तिथे ‘लेडीज’ हा शब्द मालकी सांगत नाही, गाडीची जात सांगतो. वाक्यात ‘त्या बायकांच्या पिशव्या’ लिहायचे असेल, तर मात्र लेडीज’ बॅग्ज असेच हवे. समोसे अनेक आहेत एवढ्यासाठी पाटीवर ‘समोसा’ज’ लिहिणे मुळीच चालत नाही. तिथे समोशाच्या मालकीचे काहीच नाही.

आडनावांना हाच नियम लागतो. जोशी कुटुंब म्हणजे द जोशीज, त्यांचा फ्लॅट द जोशीज’ फ्लॅट. बोरिवलीच्या आयसी कॉलनीत फर्नांडिस कुटुंब राहत असेल, तर आडनाव आधीच एसवर संपलेले. अनेकवचन करताना ‘ईएस’ जोडून फर्नांडिसेस होते आणि चिन्ह त्यानंतर. डि’सोझांच्या इंग्रजीत लिहिलेल्या आडनावात तर एक चिन्ह आधीच असते. ते ‘डी’नंतर गळलेल्या अक्षराची खूण आहे. अ‍ॅपॉस्ट्रॉफी इंग्रजीत सोळाव्या शतकात आली ती याच कामासाठी, गळलेले अक्षर दाखवायला. जुन्या इंग्रजीत मालकी दाखवणारा एक प्रत्यय ‘ईएस’ होता. त्यातला ई गळला, त्याच्या जागी चिन्ह आले आणि हळूहळू मालकीचीच खूण ठरले. अनेकवचनात गळलेले अक्षरच नव्हते, त्यामुळे तिथे चिन्ह द्यावे की नाही यावर व्याकरणकारांचा वाद बराच काळ चालला. द डि’सोझाज’ हाउस लिहिताना ही दोन्ही कामे एका शब्दात दिसतात.

राहिले दोन मालकांचे. नवरा-बायकोचे घर सामायिक असेल तर चिन्ह फक्त दुसऱ्या नावाला: अमित अँड सुनीता’ज फ्लॅट. दोघांचे मोबाइल वेगवेगळे असतील तर दोन्ही नावांना: अमित’स अँड सुनीता’ज मोबाइल्स. मराठीत आपण ‘अमित आणि सुनीता यांचे’ म्हणून दोन्हीकडे भागवतो. घराच्या कागदपत्रांत इंग्रजी वाक्य येईल तेव्हा तसे भागत नाही, कारण घर दोघांचे मिळून एक की प्रत्येकाचे वेगळे, हे तिथे या चिन्हावरूनच वाचले जाते.