भाषाविषयक लोकसमजुती : तथ्य, अनुमान आणि गृहीतक

वैद्यक किंवा स्थापत्य यांविषयी मत देताना सामान्य मनुष्य थोडा बिचकतो. भाषेविषयी मत देताना मात्र तो बिचकत नाही. भाषा प्रत्येकाच्या जिभेवर असल्याने तिच्याविषयीचे ज्ञानही आपल्यापाशी आहे, असे त्याला वाटते. आगगाडीच्या डब्यात, कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत भाषेसंबंधी जी विधाने सहज केली जातात, त्यांतील पुष्कळशी चुकीची असतात, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु ती सर्व एकाच प्रकारे चुकीची नसतात, ही गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. काहींत तथ्याची चूक असते, काहींत अनुमानाची. आणि काहींत चूक अशी नसतेच, तेथे एक न उच्चारलेले गृहीतक असते. या तिहींचा निरास एकाच उपायाने होत नाही.

पहिल्या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ‘हिंदी ही भारताची राष्ट्रभाषा आहे’ हे विधान. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची ‘राजभाषा’, म्हणजे शासनव्यवहाराची भाषा, म्हटली आहे. कोणत्याही भाषेला ‘राष्ट्रभाषा’ हा दर्जा घटनेने दिलेला नाही. इंग्रजीचा वापर पुढे चालू राहावा अशी तरतूद १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने केली. येथे वाद संपतो, कारण प्रश्न दस्तऐवजात काय लिहिले आहे एवढाच आहे. हिंदी राष्ट्रभाषा व्हावी की न व्हावी हा प्रश्न निराळा आहे. आणि अनुच्छेद दाखविल्याने त्याचे उत्तर मिळाले, असे कोणत्याही पक्षाने मानू नये.

दुसऱ्या प्रकारात ‘संस्कृत ही सर्व भाषांची जननी’ ही समजूत येते. तिच्यातील ‘सर्व’ हा शब्द सहज दूर करता येतो. तमिळ, तेलुगू, कन्नड, मलयाळम् या भाषांचे कुल वेगळे आहे, हे एलिसने १८१६ साली आणि कॉल्डवेलने १८५६ साली विस्ताराने दाखविले. परंतु ग्रीक आणि लॅटिन यांचे काय? त्यांचे संस्कृतशी साम्य खरे आहे, आणि त्या साम्यावरून लोक जननीत्वाचे अनुमान काढतात. साम्य खरे असूनही अनुमान मात्र चुकते. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात हे साम्य मांडले तेव्हाच, या भाषांचा उगम कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या एका समान भाषेत असावा, असे सुचविले होते.

याचा पुरावा संस्कृतच्या पोटातच सापडतो. ‘कृ’ धातूचे परोक्षभूताचे रूप ‘चकार’ असे होते. द्वित्व होताना ‘क’चा ‘च’ झाला. परंतु धातूतील ‘क’ तसाच राहिला. पाणिनीने हा नियम अचूक नोंदविला आहे. मात्र असे का व्हावे, याचे कारण संस्कृतपुरते पाहून सापडत नाही, कारण दोन्ही ठिकाणी पुढील स्वर अवर्णच आहे. ग्रीकमध्ये अशाच रूपांत द्वित्वात ‘ए’ आणि धातूत ‘ओ’ आढळतो, उदाहरणार्थ ‘लेलोइपा’. मूळ भाषेत हे दोन स्वर भिन्न होते, ‘ए’च्या सान्निध्यात ‘क’ तालव्य झाला, आणि पुढे संस्कृतात ते स्वर ‘अ’मध्ये विलीन झाले, असे मानताच सर्व उलगडते. ‘आणि’ या अर्थी संस्कृत ‘च’, ग्रीक ‘ते’, लॅटिन ‘क्वे’ हीच साक्ष देतात. हा शोध एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातला. या बाबतीत ग्रीकने जे जतन केले ते संस्कृतने गमावले आहे. तेव्हा संस्कृत ही ग्रीकची जननी नव्हे, भगिनी होय. ही समजूत दूर करण्यास नुसता दाखला पुरत नाही. अनुमानाची पायरी न् पायरी उलगडून दाखवावी लागते.

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक. ‘कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा?’ या वादात दोन्ही पक्ष एकमेकांस अज्ञानी ठरवितात. वस्तुतः तथ्यांविषयी त्यांचा फारसा मतभेद नसतो. मराठी ‘घोडा’ तेथे कोंकणी ‘घोडो’, मराठी ‘मी’ तेथे कोंकणी ‘हांव’, हे उभयपक्षी मान्य असते. ग्रिअर्सनच्या पाहणीच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात कोंकणीची गणना मराठीची बोली म्हणून झाली. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. या काळात तिचे व्याकरण पालटले नव्हते. शिवाय मालवणीतही ‘माझो’ असे ओकारान्त रूप आहे, आणि तरीही मालवणी बोलणारे बहुसंख्य लोक स्वतःस मराठीभाषक मानतात. म्हणजे ओकारान्त रूपाने वाद मिटत नाही. परस्परसुबोधता, लेखनपरंपरा, भाषकसमाजाची स्वतःविषयीची जाणीव आणि राजकीय व्यवहार यांपैकी कोणत्या कसोटीस किती महत्त्व द्यावयाचे, हा येथील खरा प्रश्न आहे. कसोटी स्पष्ट न करता उदाहरणांची रास घातली तर वाद वाढतो, निर्णय होत नाही.

हा भेद केवळ तार्किक काटेकोरपणासाठी नाही. भाषा-विभागातून बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी शिक्षक होतात, आणि त्यांच्यापुढे ‘पानी’ लिहिणारे मूल येते. ‘लेखनाच्या प्रमाण संकेतानुसार येथे ण हवा’ हे विधान तथ्याचे आहे, आणि ते मुलास सांगितलेच पाहिजे. ‘तुझी भाषा अशुद्ध आहे’ हे विधान तथ्याचे नाही. शुद्धतेचे एक माप त्यात गृहीत धरलेले आहे. ते माप संस्कृतचे म्हणावे तर संस्कृत शब्द ‘पानीय’ असा नकारयुक्त आहे, आणि ‘पाणी’तील ‘ण’ ही प्राकृताची देणगी आहे. यावरून ‘पानी’ अधिक शुद्ध असेही सिद्ध होत नाही, कारण बोलीतील हा ‘न’ मागाहून ‘ण’पासून आलेला आहे, सिद्ध होते ते एवढेच, की ते माप येथे निरुपयोगी आहे. माप नियमबद्धतेचे म्हणावे तर बोलीही त्यास उतरते. वऱ्हाडीत ‘डोळा’चे ‘डोया’ होते तसेच ‘काळा’चे ‘काया’ होते. हा बदल स्वैर नाही. उरते ते प्रतिष्ठेचे माप, आणि त्याचे समर्थन व्याकरणात शोधणे व्यर्थ आहे. प्रमाणभाषा बोलणारा स्वतः लिहितो ‘केले’ आणि बोलतो ‘केलं’. त्यास मात्र कोणी अशुद्ध म्हणत नाही.

याचा अर्थ प्रमाणलेखन अनावश्यक आहे असा नव्हे. मराठी साहित्य महामंडळाने केलेले, शासनाने १९६२ साली स्वीकारलेले आणि १९७२ साली वाढविलेले लेखनविषयक नियम हा सार्वजनिक सोयीचा संकेत होय, आणि संकेत पाळण्यातच त्याची उपयुक्तता असते. परंतु संकेत शिकविणे आणि मुलाच्या घरच्या भाषेचा अधिक्षेप करणे या दोन क्रिया आहेत. पहिलीसाठी दुसरीची गरज नाही.

तेव्हा भाषाविषयक एखादे विधान खोडण्यापूर्वी अभ्यासकाने ते कोणत्या जातीचे आहे हे ठरवावे. तथ्याची चूक असेल तर दाखला द्यावा. अनुमानाची असेल तर प्रतिपक्षाचे खरे निरीक्षण प्रथम मान्य करून मग चुकलेली पायरी दाखवावी. गृहीतकाचा मतभेद असेल तर दोन्ही बाजूंची कसोटी उघड मांडावी, आणि त्यांपैकी एक कसोटी आपण का स्वीकारतो याची कारणे द्यावीत. या तिसऱ्या ठिकाणी शास्त्राच्या नावाने निकाल देण्याचा मोह विद्वानांनाच अधिक होतो, आणि तसा निकाल ऐकून घेणाऱ्या विद्यार्थ्यापाशी तो तपासण्याचे साधन बहुधा नसते.