घराचा दर्शनी भाग आणि दारावरची पाटी

बाबासाहेबांची जयंती जवळ आली की वस्तीत घरोघर चुन्याचे डबे निघतात. रंगाला पैसे नसले तरी चुना परवडतो आणि नीट दिला तर गल्लीतून येणाऱ्याला घर लख्ख दिसते. चुनकळी आदल्या दिवशी पाण्यात भिजवावी. ती उकळते, म्हणून मुलांना लांब ठेवावे, डोळे जपावेत. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून त्यात थोडा डिंक व चिमूटभर नीळ घालावी. जुने पोपडे खरवडून, भिंत ओली करून, ऊन उतरल्यावर दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला की पापुद्रे सुटतात. पहिल्या वर्षी आमचे तेच झाले!

पाण्याच्या पिंपाला झाकण असावे. तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोक पाडून सदाफुली लावली तरी दाराला शोभा येते. पंचशील ध्वज जरूर लावावा, पण गेल्या जयंतीचा विटलेला, फाटका ध्वज वर्षभर पत्र्यावर ठेवू नये. त्यात त्याचा मान राहत नाही.

आता पाटीविषयी. आपल्या वाडवडिलांची घरे गावकुसाबाहेर होती. दारावर नाव कोण लिहिणार? बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले आणि मगधाच्या प्राचीन राजधानीवरून त्याला 'राजगृह' हे नाव दिले. आज आपली शिकलेली माणसे फ्लॅटमध्ये राहायला गेली, तर काहींना पाटीवर आडनाव नको असते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दारावर नुसते घराचे नाव लावले आहे. कारण विचारले तर म्हणाले, "शेजारी कसे निघतील सांगता येत नाही. मुलीला त्रास नको."

त्यांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. भाड्याची खोली पाहायला गेलो असता, आडनाव सांगताच "कालच दिली" हे उत्तर मीही ऐकले आहे. तरीसुद्धा बंधू-भगिनींनो, पाटीवर पूर्ण नाव लिहा, आडनावासकट. पत्नीचेही लिहा. घर दोघांच्या कष्टावर उभे राहते आणि पाटीवर एकटा नवरा, हे बरे दिसत नाही.

पाटी पेंटरकडे मार्चमध्येच टाकावी. एप्रिल उजाडला की तो जयंतीच्या फलकांत गुंततो आणि मग मे महिन्यापर्यंत हाती लागत नाही.