नकाशावरील अंतर आणि प्रवाशाची वेळ

लहान गावे विमानाने जोडण्याची भाषा सुरू झाली की नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. शिर्डी आणि कोल्हापूर यांचेच पाहा. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर. सरळ हवाई अंतर सुमारे ३३५ किलोमीटर. ताशी पाचशे किलोमीटर वेगाच्या, सत्तर आसनी पंख्याच्या विमानाला चढणे-उतरणे धरूनही तासाभराहून फारसा अधिक वेळ लागू नये. हिशेब चोख आहे. परंतु प्रवासी काही धावपट्टीवर राहत नाही.

हिवरे बाजारचे पाणलोटाचे काम पाहण्यास देशापरदेशांतून माणसे येतात. कोल्हापूरहून असेच एखादे शिष्टमंडळ निघाले आणि त्यास शिर्डीचे थेट विमान मिळाले, असे क्षणभर गृहीत धरू. दीड तास आधी उजळाईवाडीचा विमानतळ गाठणे, मग उड्डाण, काकडीला उतरून सामान घेणे आणि पुढे नव्वद-शंभर किलोमीटरचा मोटारप्रवास. पाच-साडेपाच तास सहज मोडतात. पुणेमार्गे रस्त्याने हाच प्रवास साडेतीनशे किलोमीटरांचा, म्हणजे सुमारे सात तासांचा. बचत झाली ती फार तर दीड-दोन तासांची! हेच विमानप्रवासी मुंबईला वळसा घालून आले, तर हवेतले अंतरच ४८० किलोमीटरांवर जाते आणि तेथील खोळंबा धरता एस.टी.ने निघालेला मनुष्य त्यांच्याआधी पोचून शिवारफेरीही आटोपून बसलेला असेल.

हा केवळ विनोद नव्हे. प्रादेशिक विमानसेवेचा प्रयोग १९८१ साली ‘वायुदूत’ने केला, १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २०१६ साली आलेल्या ‘उडान’ योजनेने तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या आसनांना अडीच हजारांची मर्यादा घातली व तूट भरून देण्याची हमी दिली. तरीही महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी तीन वर्षांची मुदत अवघ्या ११२ मार्गांनी पुरी केली, आणि मार्च २०२३ मध्ये त्यापुढेही टिकलेले होते केवळ ५४. सार्वजनिक पैसा असा वाऱ्यावर सोडण्याइतका आपला खजिना भरलेला आहे काय?

शिर्डी आणि गोंदिया यांच्यातील हवाई अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहे. तेथे जमिनीवरील प्रवास जवळजवळ अख्खा दिवस खातो. विमान दोन्हीकडील यातायात धरूनही निम्म्याहून अधिक वेळ वाचवील. अनुदान द्यायचे तर अशा जोड्यांना द्यावे. तीनशे किलोमीटरांच्या आतबाहेरच्या अंतरासाठी चांगला रस्ता आणि वेळेवर सुटणारी बस हेच खरे विमान!

हिवरे बाजारात दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि मगच रब्बीला काय पेरायचे ते ठरवतात. पाणी कमी असेल तर पिकाला कात्री लागते. उसासारख्या तहानलेल्या पिकाला तेथे मज्जाव आहे. विमानमार्ग मंजूर करणाऱ्यांनी हीच रीत उचलावी. निविदेपूर्वी प्रत्येक मार्गाचा घरापासून घरापर्यंतचा वेळ आणि खर्च, रस्ता व रेल्वेच्या आकड्यांशेजारी, जाहीर छापावा. आणि काकडीला विमान उतरण्याच्या वेळेला जुळवून अहिल्यानगरची एस.टी. सोडावी, त्यास नवी धावपट्टी बांधावी लागत नाही.