एकच होडी, सहा मूड!

शांत पाण्यावर शिडाच्या होड्या, खाली त्यांची थरथरती प्रतिबिंबं. सकाळ, दुपार, धुकं, रात्र... १९२६ची ही सहा जपानी चित्रं नीट बघा. लाकडी ठसे तेच, बदलले ते फक्त रंग! ऊन, गारवा, अंधार सगळं शाईतून आलंय.

हा उद्योग हिरोशी योशिदांचा. मूळचा पेंटर माणूस. एका प्रकाशकासाठी केलेले त्यांचे ठसे १९२३च्या टोकियो भूकंपानंतरच्या आगीत खाक झाले. मग ते चित्रं विकायला अमेरिकेला गेले. पाहतात तर तिथे जुनी, सुमार जपानी ठसाचित्रंही हातोहात खपतायत! परत येऊन १९२५मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. वय ४९! (आपण पस्तिशीतच ‘आता कुठे फील्ड बदलणार’ म्हणतो.)

काम किचकट. प्रत्येक रंगासाठी तोच कागद पुन्हा ठशावर. एका चित्राला तीसेक वेळा तरी. जरा सरकला की मेहनत पाण्यात. म्हणून कोरणाऱ्या-छापणाऱ्यांच्या डोक्यावर योशिदा स्वतः उभे. पुढे भारतात फिरून त्यांनी ताजमहालही असाच दिवसा-रात्री छापला, अजिंठा-वेरूळही.

ओरिजिनल कधी समोर आलंच, तर समासात ‘जिझुरी’चा शिक्का शोधा. अर्थ : स्वतः छापलेलं.