आधी लेप, मग धागा

हाताने बांधून घेतलेली गळाची काठी पाहिली की नजर आधी मुठीच्या वरच्या नक्षीवर जाते. रंगीत धाग्यांच्या तिरप्या वेढ्यांतून उमटलेले शंकरपाळे, बाणाची टोके, वाघाच्या अंगावरचे वाटावेत असे पट्टे आणि या सगळ्यावर काचेसारखा नितळ थर. हा थर एपॉक्सीचा. अमेरिकेत अशा काठ्या घडवण्याचा छंद चांगलाच रुजला आहे आणि त्यासाठीचे धागे, रेझिन, काठी फिरवणाऱ्या छोट्या मोटरी यांचा वेगळा बाजारही आहे. नक्षी म्हणजे खरी कला आणि एपॉक्सी म्हणजे शेवटी मारायची चकाकी, अशी बहुतेक नवशिक्यांची समजूत असते. ती मला चुकीची वाटते. नक्षी शेवटी कशी दिसणार आणि किती टिकणार, हे बऱ्याच अंशी लेपच ठरवतो. म्हणून त्याचा विचार धाग्याचे रीळ निवडण्याआधीच व्हायला हवा.

धागा काठीवर आला तो कामासाठी. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या सरसाने जोडून षटकोनी काठ्या बनत. ओलाव्याने सरस सुटे, म्हणून ठरावीक अंतरावर रेशमाचे वेढे देऊन वरून व्हार्निश लावत. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवला आणि तिथून येणारा टोंकिन बांबू बंद झाला. फायबरग्लासच्या काठ्या तोवर बाजारात आल्या होत्याच. त्यांची सद्दी सुरू झाली. पण दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांचे पाय आजही धाग्यानेच बांधतात आणि मुठीजवळची नक्षी हा त्याच बांधणीचा हौशी विस्तार आहे. व्हार्निशची जागा पुढे एपॉक्सीने घेतली. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने बाजारात आणलेल्या अराल्डाइटमुळे हे रसायन मराठी घरांनाही परके नाही. दोन नळ्या पिळायच्या, घोटायचे आणि तुटलेले कान कपाला चिकटवायचे. काठीचा लेप याच जातीचा, फक्त अधिक पातळ, अधिक लवचीक आणि सावकाश घट्ट होणारा.

आता रंगाचे पाहू. कोरडा धागा अपारदर्शक दिसतो, कारण त्याच्या बारीक तंतूंमध्ये हवा असते आणि तंतू व हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो. नायलॉन आणि एपॉक्सी यांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा, १.५ च्या आसपास आहे. लेप तंतूंत मुरला की हवा जाते, विखुरणे थांबते आणि पावसात भिजलेल्या पांढऱ्या सदऱ्यासारखा धागा आरपार दिसू लागतो. पिवळा मळकट होतो, पांढरा जवळजवळ नाहीसा होतो आणि खालच्या काळ्या काठीचा रंग वर येतो. यावर उपाय आहे, असे कोणी म्हणेल. रंग राखणारे अॅक्रिलिक द्रावण आधी पाजता येते किंवा रंग न बदलणारा खास धागा मिळतो. उपाय खरा आहे, पण फुकटचा नाही. द्रावण एखाद्या ठिकाणी कमी मुरले, तर एपॉक्सी नेमकी तिथे शिरून काळसर डाग पाडते. खास धाग्याला साध्या नायलॉनची झळाळी नसते. शिवाय मुरलेले द्रावण एपॉक्सीला आत जाऊ देत नाही. मुठीजवळच्या शोभेच्या पट्ट्यात हे चालते, पण ताण सोसणाऱ्या कडीच्या पायावर मी ते टाळण्याच्या बाजूचा आहे. बांबूच्या काठ्यांचे जुने कारागीर तर पांढरे रेशीम मुद्दाम निवडत, कारण व्हार्निशखाली ते नाहीसे होऊन बांबू दिसावा, हीच त्यांची योजना असे.

लेप जाड असला की जास्त टिकतो, हा दुसरा आक्षेप. दोरीचे घर्षण आणि खाऱ्या पाण्यापासून संरक्षण हवे, हे मान्य. पण काठीचा जन्मच वाकण्यासाठी आहे. जाड थर तिथे ताठरपणा आणतो, टोकाकडे अनावश्यक वजन वाढवतो आणि कडीच्या पायाच्या टोकाशी, जिथे वाकणे एकवटते, तिथे तडकतो. उन्हाने येणारा पिवळेपणाही जाड थरात अधिक डोळ्यांत भरतो. म्हणून दोन पातळ हात बरे. त्यातही घाई चालत नाही. अशा बहुतेक एपॉक्सींत रेझिन आणि हार्डनर समान मापाने घ्यायचे असतात. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घातला, तर जोडीदार न मिळालेले रेणू शिल्लक राहतात आणि थर चिकट किंवा मऊच राहतो. घोटलेले मिश्रण भांड्यात गोळा करून ठेवले तर स्वतःच्याच उष्णतेने लवकर आळते, म्हणून ते फॉइलवर पसरतात. ब्रशने लावल्यावर काठी मोटरवर संथपणे काही तास फिरत राहते, नाहीतर लेप खाली ओघळून फुगवटा धरतो. अडकलेले बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याची ऊब क्षणभर दाखवली की थर पातळ होऊन फुटतात. सिलिकोनचा अंश मात्र काठीला लागलेला असेल, तर लेप तिथे आक्रसून खळगे पडतात. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात हे काम करणाऱ्याने दमट हवेचाही विचार करावा. काही हार्डनर ओलाव्यात पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा धरतात. आणि हातमोजे हवेतच, कारण या रसायनांची त्वचेला ॲलर्जी जडली तर ती सहसा कायमची राहते.

व्हार्निशच्या चाहत्यांचा युक्तिवाद मला सर्वांत वजनदार वाटतो. व्हार्निश घासून पुन्हा लावता येते. एपॉक्सी एकदा घट्ट झाली की विरघळत नाही, तापवून मऊ करावी लागते आणि ब्लेडने खरवडताना खालचा धागाही कापला जातो. पण व्हार्निशला तेवढा थर चढवायला अनेक हात आणि बरेच दिवस लागतात, त्यामुळे हौशी माणूस एपॉक्सीकडे वळणारच. मग निदान खऱ्या काठीवर पहिला वेढा घालण्याआधी त्याच रंगाच्या एखाद्या तुटक्या तुकड्यावर तेच धागे गुंडाळावेत, तोच लेप लावावा आणि तो पूर्ण सुकल्यावर तुकडा उन्हात नेऊन रंग पाहावेत.