जड तेलाचं पेट्रोल कसं होतं?

जालना रोडवरच्या पंपावर टँकर रिकामा होताना आपण नेहमी पाहतो. ते इंधन बहुधा मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून आलेलं असतं. तिथे ते मुंबईहून पाइपलाइनने पोचतं. पण खनिज तेल तापवून त्यातले घटक नुसते वेगळे केले, तर एवढं पेट्रोल निघतच नाही. मग बाकीचं येतं कुठून?

खनिज तेल म्हणजे प्रामुख्याने कार्बनच्या साखळ्या. पेट्रोलच्या रेणूत साधारण ५ ते १२ कार्बन असतात, तर जड तेलात २०, ३० किंवा त्याहून जास्त. लांब रेणू एकमेकांना धरून राहतात. त्यामुळे हे तेल दाट असतं, सहज पेटत नाही. म्हणून अख्ख्या उसाची कांडी करावीत, तशा या साखळ्या तोडायच्या.

इथला कोयता म्हणजे झिओलाइट असलेली बारीक, सच्छिद्र भुकटी. सुमारे ५०० अंश सेल्सियसला तेलाची वाफ तिच्यासोबत उभ्या नळीतून वर उसळते आणि काही सेकंदांत काम फत्ते! साखळी एकाच ठिकाणी तुटत नाही, त्यामुळे पेट्रोलबरोबर स्वयंपाकाचा गॅस आणि प्रोपिलीनही मिळतं.

खरी गंमत पुढे आहे. भुकटीवर कार्बनची पुटं चढून ती निकामी होते. ती पुटं दुसऱ्या भांड्यात हवा सोडून जाळतात. भुकटी स्वच्छ होते आणि तीच उष्णता घेऊन पुन्हा कामाला लागते. कचराच इंधन! रिफायनरीतली मला सर्वांत आवडलेली युक्ती हीच.

आणि त्या प्रोपिलीनचं पुढे पॉलिप्रोपिलीन होतं. मोटारींचे बरेचसे बंपर त्याचेच असतात.